पाठंगुळीस बसलेले औषध

ह्या सदरातून आम्ही वाचकांस आजवर पुष्कळ उपदेश केला. ह्या खेपेस आधी एका प्रमादाची कबुली द्यावयाची आहे, आणि तो प्रमाद आमचाच आहे.

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोबाइलवर एक संदेश आला. मुंबईस शिकलेल्या एका शास्त्रज्ञाने अमेरिकेत कर्करोगावर रामबाण उपाय शोधला आहे. शरीरातल्याच शिपाई-पेशींच्या पाठीवर औषध बांधून त्या थेट गाठीत पाठवावयाच्या. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत. आता केमोथेरपीचे युग संपले. असा त्याचा आशय होता. वाचून आम्हांस आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात माणसाची सारासारबुद्धी थोडी डुलकी घेते. माटुंग्यास शिकलेल्या माणसाचे नाव हार्वर्ड विद्यापीठात गाजते आहे, एवढेच आमच्या डोळ्यांत भरले. 'अवश्य वाचावे' असा शेरा मारून आम्ही तो संदेश जुन्या विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे रवाना केला आणि संध्येस बसलो.

आठ दिवसांनी एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तोही बँकेतून निवृत्त झालेला, एकत्र कुटुंबाचा कर्ता. त्याच्या धाकट्या भावाच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग झालेला होता. शस्त्रक्रिया मुंबईस झाली होती, केमोचा पहिला डोस झाला होता, आणि त्या एका डोसाने तिची अशी दैना केली होती की दुसऱ्याची तारीख जवळ येऊ लागताच घरातील वडीलधाऱ्या बायका देवापुढे बसून रडत. अशा वेळी आमचा संदेश त्या घरी पोहोचला. रात्री जेवणे आटोपल्यावर माजघरात सर्वांची बैठक झाली आणि ठरले की, हे विष आता पुरे; दोन-तीन महिने थांबू, अमेरिकेस पत्र लिहू, आणि तो नवा उपचार मिळवू. विद्यार्थी म्हणाला, "सर, इतर कोणी पाठवले असते तर आम्ही लक्ष दिले नसते. पण तुमचे नाव पाहिले, आणि सर्वांचा विश्वास बसला."

वाचकहो, चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्यावर मिळालेला तो मान त्या क्षणी आम्हांस फार जड वाटला. आम्ही त्यास म्हटले, "मला तीन दिवस दे. तोवर काहीही मोडू नको." आमचा विषय संस्कृत, पेशीशास्त्राशी आमचा संबंध नाही. परंतु आमची नात औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिने मूळ निबंध मिळवून दिले आणि तीन रात्री आजोबा विद्यार्थी व नात गुरू अशी शाळा भरली. त्या शाळेत आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. कारण असे संदेश घरोघर येतात, आणि रोगीही दुर्दैवाने पुष्कळ घरी आहेत.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. 'कर्क' म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी ह्या रोगास खेकड्याचे नाव दिले आणि तेच पुढे भाषांतरून आमच्याकडे रूढ झाले. आमचे स्वतःचे जुने नाव 'अर्बुद'. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले आहे : गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळांचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. एका अर्बुदावर दुसरे उठले तर त्यास तो 'अध्यर्बुद' म्हणतो. म्हणजे रोग नवा नाही, नाव नवे नाही. नवे आहे ते आपले त्यास लपविणे. ह्याकडे आपण पुढे येऊ.

आता केमोच्या औषधाकडे वळू. घरातील बायका त्यास विष म्हणत होत्या, हे अगदीच खोटे नव्हे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड नावाचा विषारी वायू वापरला गेला. त्याने ज्यांना ग्रासले त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात असे दिसून आले. त्याच कुळातील एक रसायन १९४२ साली अमेरिकेतील येल येथे कर्करोगाच्या एका रोग्यास देण्यात आले, आणि तेथून ह्या उपचाराचा आरंभ धरतात. पुढे बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांस अमिनोप्टेरिन दिले व त्याचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हेही वाचकांस ठाऊक असावे.

ही बहुतेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींस मारतात. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागतात. पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या व आतड्यांच्या अस्तराच्या, आणि अस्थिमज्जेतील पेशीही वेगानेच विभागतात. औषधास आपपर भाव नाही. म्हणून केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळांस जे लाल रंगाचे औषध देतात, त्याचे नाव डॉक्सोरुबिसिन. ते हृदयासही इजा करू शकते. म्हणून एका माणसास जन्मभरात ते एकूण किती द्यावे ह्याला डॉक्टर मर्यादा घालतात. इतके असूनही ते देतात, कारण त्याने असंख्य रोगी वाचले आहेत.

मग प्रश्न असा की, औषध गाठीतच पोहोचेल आणि इतरत्र जाणार नाही अशी व्यवस्था का करू नये? आम्ही भिवंडीकरांस हा प्रश्न निराळा समजावून सांगावयास नको. आमच्या गावाची ओळख एकेकाळी मागांचा खडखडाट हीच होती. आता मुंबई-नाशिक महामार्गाच्या दुतर्फा गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. देशोदेशीचा माल येथे येऊन पडतो, आणि पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेली पोरे तो घरोघर पोहोचवितात. गोदामवाल्यास विचारा, तो सांगेल की माल बंदरातून गोदामापर्यंत आणणे सोपे, खरी अडचण शेवटच्या गल्लीतले घर शोधण्याची. औषधाचेही नेमके तसेच आहे. शिरेतून रक्तात सोडणे सोपे. रक्तातून गाठीच्या आत, तिच्या शेवटच्या गल्लीपर्यंत नेणे कठीण.

शास्त्रज्ञांनी औषधाच्या अतिसूक्ष्म पुड्या बांधून पाहिल्या. लाल औषध चरबीच्या सूक्ष्म गोळीत भरून देण्यास अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. त्याने हृदयाचा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु २०१६ साली टोरोंटोच्या संशोधकांनी अशा सूक्ष्म पुड्यांवरील आधीच्या दहा वर्षांच्या निबंधांचा हिशेब मांडला, तेव्हा आढळले काय? प्राण्यांस टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा भाग मध्यमानाने अवघा ०.७ टक्का, म्हणजे शंभरातील एक भागही नव्हे. बाकीचा जातो कोठे? त्याचा मोठा हिस्सा यकृत व प्लीहा ह्यांतील भक्षक पेशी मध्येच गिळून टाकतात. जकात बंद होऊन वर्षे लोटली. परंतु नाक्यावर गाडी अडवून माल उतरवून घेण्याचे दिवस आमच्या पिढीस आठवतात. ह्या भक्षक पेशी म्हणजे शरीराचे जकात नाके होत.

ह्या पेशींचा इतिहास मोठा गोड आहे. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने समुद्रतारकेच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. परकी वस्तू दिसताच धावून जावयाचे, तिला वेढावयाचे आणि खावयाचे, हा त्यांचा धर्म. त्याच काळी जर्मनीत पॉल एर्लिख असे औषध शोधीत होते की जे रोगजंतूस नेमके भेदील आणि रोग्यास धक्का लावणार नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मंत्रून सोडलेला बाण. मेचनिकॉफ पेशींचा भक्त, एर्लिख रसायनांचा. दोघांच्या पक्षांत मोठा वाद असे. १९०८ चे नोबेल पारितोषिक ह्या दोघांस मिळून देण्यात आले. आज आम्ही ज्या उपचाराविषयी लिहीत आहोत तो म्हणजे ह्या दोघांचा समेट होय : एर्लिखचा बाण मेचनिकॉफच्या पेशीच्या पाठीवर.

कल्पना अशी. ज्या पेशी औषधाची पुडी नाक्यावर जप्त करतात, त्याच पेशी कर्करोगाच्या गाठीत आपण होऊन शिरतात. गाठ म्हणजे शरीराच्या दृष्टीने कधीही न भरणारी जखम. तेथून सतत हाक जात असते आणि पांढऱ्या पेशी त्या हाकेस ओ देऊन जातात. त्यांना वाट सांगावी लागत नाही. मग जप्ती करणाऱ्यासच हमाल केले तर?

चीनमधील नानजिंगच्या संशोधकांनी २०१७ साली हे उंदरांवर करून दाखविले. मेंदूतील गाठ कापून काढली तरी तिचे अंश मागे राहतात व ती पुन्हा उठते; आणि रक्तातील औषधांस मेंदूत सहसा प्रवेश नसतो. परंतु शस्त्रक्रियेच्या जागी दाह होतो, आणि दाहाच्या हाकेस न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मेंदूतही जातात. संशोधकांनी त्या पेशींच्या पोटात पॅक्लिटॅक्सेल ह्या केमोच्या औषधाच्या पुड्या भरल्या. पेशी जखमेपाशी गेल्या, तेथे औषध मोकळे झाले, आणि गाठ परत उठण्याचा वेग मंदावला.

आता ज्यांच्या नावाने तो संदेश फिरत होता त्यांच्याकडे येऊ. समीर मित्रगोत्री ह्यांनी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून (जुन्या पिढीस ती 'यू. डी. सी. टी.' ह्या नावाने ठाऊक आहे) १९९२ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९९६ साली अमेरिकेत एम. आय. टी. येथे डॉक्टरेट मिळविली, पुढे कॅलिफोर्नियात सांता बार्बारा येथे अध्यापन केले आणि २०१७ पासून ते हार्वर्ड येथे आहेत. २००६ साली त्यांनी व ज्युली चॅम्पियन ह्यांनी एक साधा प्रश्न विचारला : भक्षक पेशी एखादी वस्तू गिळते किंवा गिळत नाही, हे त्या वस्तूच्या आकारावर अवलंबून आहे काय? उत्तर मोठे मौजेचे निघाले. लांबट वस्तू टोकाकडून भिडली तर पेशी ती काही मिनिटांत गिळते. तीच वस्तू चपट्या अंगाने भिडली तर पेशी तिच्यावर पसरते, तासन्‌तास धडपडते, पण गिळू शकत नाही. शेवग्याची शेंग टोकाकडून तोंडात घातली तर जाते, आडवी धरली तर ओठांशीच अडते. तसाच हा प्रकार.

ह्यातून पुढची युक्ती निघाली. पेशीहून लहान, चपट्या चकतीच्या आकाराची पिशवी करावयाची. तिची एक बाजू पेशीस चिकटेल अशी ठेवावयाची. आत औषध भरावयाचे. चपटी असल्यामुळे पेशी तिला गिळू शकत नाही. पेशीच्या अंगावर ती दिवसेंदिवस चिकटून राहते. लहान मूल आजोबांच्या पाठंगुळीस बसते तशी. पेशींवर असे ठिगळ लावण्याचे पहिले काम २००८ साली एम. आय. टी. मधील रुबनर, कोहेन आदींनी केले होते. मित्रगोत्री ह्यांच्या गटाने ती पिशवी मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी, पेशीवर बसवून २०२० साली स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. ह्या पिशवीच्या घडणीत शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांस वापरतात त्याच जातीचे द्रव्य आहे. म्हणून काम झाल्यावर ती आपोआप विरते.

येथे आमच्या नातीने आम्हांस थांबवून विचारले, "आजोबा, त्या पिशवीत काय भरले होते सांगा पाहू?" आम्ही म्हटले, "अर्थात कर्करोगाचे औषध." ती हसून म्हणाली, "नाही. पेशीचे."

हाच ह्या सर्व विषयाचा गाभा आहे, म्हणून वाचकांनी क्षणभर थांबावे. गोदामातल्या पोराची पिशवी आणि ही पिशवी ह्यांत फरक आहे. महाभक्षी पेशी गाठीत शिरते ती लढण्यासाठी. परंतु गाठ तिला तेथे वश करते. गाठीतील रसायने तिच्या कानी लागतात, आणि जी मारावयास गेली तीच गाठीस रक्तवाहिन्या फुटावयास मदत करू लागते, जखम भरणाऱ्या दाईसारखी तिची शुश्रूषा करू लागते. मराठ्यांच्या इतिहासात जे किल्ले तोफांनी पडले नाहीत ते फितुरीने पडले. शरीरातही तसेच घडते. १९८० व १९९० च्या दशकांत युरोपातील डॉक्टरांनी रोग्यांच्याच रक्तातून अशा पेशी तयार करून त्यांस परत दिल्या होत्या. त्यांपासून अपाय फारसा झाला नाही, पण गुणही फारसा आला नाही. शिपाई पाठविणे पुरेसे नव्हते; त्याचे इमान राखणे आवश्यक होते.

म्हणून २०२० च्या पिशवीत इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य भरले होते. ते पेशीस 'लढ' असा आदेश देणारे द्रव्य आहे. पाठीवरची पिशवी तो आदेश थेंबथेंब देत राहते, आणि शत्रूच्या गोटातही पेशी आपला धर्म विसरत नाही. आम्हांस वेताळपंचविशीतील विक्रमराजाची आठवण झाली. त्याच्याही पाठीवर बोलणारे ओझे होते. मात्र तो वेताळ बोलून राजाचे काम मोडीत असे, आणि हे ओझे बोलून काम टिकविते. पिशवी लावलेल्या पेशी ज्या उंदरांस दिल्या, त्यांच्यात गाठीची वाढ मंदावली आणि रोगाचा इतर अवयवांत पसारही कमी झाला. तेवढेच द्रव्य पिशवीविना पेशींसोबत दिले असता तितका गुण आला नाही.

ह्याच गटाचे आणखी दोन प्रयोग थोडक्यात सांगतो. २०१९ साली त्यांनी लाल औषधाच्या पुड्या रक्तातील तांबड्या पेशींवर चिकटविल्या. फुप्फुसातील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की तांबडी पेशी अंग चोरून त्यातून जाते. त्या घासाघाशीत पुड्या फुप्फुसातच गळून पडतात, आणि फुप्फुसात पसरलेल्या रोगापाशी औषध मुबलक पोहोचते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर न्यूट्रोफिल पेशींवर औषधाविना नुसते ठिगळ लावले. त्या ठिगळाच्या स्पर्शानेच पेशी चेतल्या व गाठीवर तुटून पडल्या. हे दोन्ही प्रयोग उंदरांवरचेच.

'उंदरांवरचेच' हा शब्द आमच्या संदेशात नव्हता. तो एक शब्द असता तर ते घर अडचणीत पडले नसते. उंदराचे रक्त चमचाभर, आयुष्य दोन-तीन वर्षांचे, आणि गाठ बहुधा प्रयोगशाळेत मुद्दाम लावलेली. माणसाच्या देहास पुरतील इतक्या पेशी काढणे, त्यांवर पिशव्या बसविणे, निर्जंतुक राखणे, त्या भलतीकडे जाऊन अपाय करीत नाहीत ह्याची खात्री करणे, ही सारी वाट अद्याप चालावयाची आहे. आम्ही हे लिहीत असता हा उपचार कोणत्याही रुग्णालयात रोग्यास विकत मिळत नाही. अमेरिकेस पत्र लिहूनही मिळावयाचा नाही.

तर मग जिवंत पेशींनी कर्करोगाशी लढणे ही केवळ स्वप्नातली गोष्ट आहे काय? तसेही नाही. आपल्या दारापाशीच ह्याचे उदाहरण आहे, आणि त्याविषयीही घोटाळा होतो म्हणून स्पष्ट सांगतो. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आहे. तेथे ४ जून २०२१ रोजी भारतात प्रथम 'कार-टी' हा उपचार एका रोग्यावर करण्यात आला. ह्यात रोग्याच्या रक्तातील टी-पेशी काढतात, त्यांच्या जनुकांत फेरफार करून त्यांस रोगी पेशींवरची एक विशिष्ट खूण ओळखावयास शिकवितात, आणि परत रोग्याच्या शिरेत सोडतात. ह्या पेशी औषध वाहून नेत नाहीत. त्याच औषध असतात. पवईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक राहुल पुरवार व टाटाचे डॉक्टर ह्यांनी मिळून हा उपचार विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ६४ रोगी होते, आणि ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांस गुण आला. परदेशात अशा उपचारास कोट्यवधी रुपये पडतात; येथे तो त्याच्या सुमारे दशांशात होतो, तरी खर्च लाखांच्या घरात जातोच.

परंतु, आणि हा 'परंतु' मोठ्या अक्षरांत वाचावा, हा उपचार रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठी आहे, आणि तोही नेहमीच्या उपचारांस न जुमानणाऱ्या किंवा उलटून आलेल्या रोगासाठी. स्तनाच्या गाठीस तो लागू नाही. कारण पुन्हा तेच : रक्तातील रोगी पेशी उघड्यावर सापडते, गाठ मात्र आत शिरलेल्यास वश करते. म्हणूनच पाठंगुळीच्या पिशवीसारख्या प्रयोगांस महत्त्व आहे. एक मार्ग सिद्ध आहे पण थोड्या रोगांस. दुसरा आशादायक आहे पण अजून उंदरांपाशी. आमच्या संदेशाने दोन्हींची खिचडी केली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. बैठकीच्या खोलीत सर्व मंडळी जमली होती. जिच्यासाठी जमली ती तेवढी आत होती. "तिला कशाला त्रास," असे थोरल्या बाई म्हणाल्या. शेजाऱ्यांस ते 'गर्भाशयाचे दुखणे' सांगत होते, मुलांस 'अशक्तपणा' सांगत होते, आणि आपसांतही रोगाचे नाव न घेता 'ते' म्हणत होते. आम्ही म्हटले, जिच्या देहाचा प्रश्न आहे तिच्या मागे आम्ही बोलणार नाही. तेव्हा ती बाहेर येऊन बसली. डोक्यास रुमाल, चेहरा उतरलेला, नजर मात्र स्थिर.

वर जे वाचकांस सांगितले ते सर्व आम्ही तिला सांगितले. शेवग्याची शेंगही सांगितली. तो संदेश आम्ही न पडताळता पाठविला, ही चूक झाली, हेही सर्वांसमक्ष सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न केला.

"सर, ते उंदीर बरे झाले का?"

आम्ही म्हटले, "गाठ सावकाश वाढली, रोग कमी पसरला. बरे झाले असे निबंधात नाही."

"आणि माझ्या औषधाने माणसे बरी होतात?"

"पुष्कळ होतात. सर्वच होतात असे नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुमचा रोग पाहून ते निवडले आहे."

"मग मी थांबायचे कशासाठी?" असे म्हणून ती थोरल्या दिरांकडे वळली. "दादा, मला औषधाची भीती वाटते, ती सोसेन. पण मी खोलीत आले की सगळे बोलायचे थांबता, ते सोसवत नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने थोरल्या बाई उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.

ठरलेल्या तारखेस दुसरा डोस झाला. हे लिहीत असता चार झाले आहेत आणि चार राहिले आहेत. पुढे काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही, आणि सांगण्याचा आव आणणार नाही. एवढे मात्र पाहिले की, उलट्या थांबविण्याचे औषध डॉक्टरांकडे मागावे लागते हेही त्या घरास आधी ठाऊक नव्हते. रोग लपविण्याच्या नादात त्रासही डॉक्टरांपासून लपविला जात होता. आता तिची धाकटी जाऊ वहीत रोजचा त्रास टिपून ठेवते व ती वही डॉक्टरांस दाखविते. दुसऱ्या डोसाच्या मानाने तिसरा पुष्कळ सुसह्य गेला.

ह्या अनुभवातून आम्ही स्वतःस एक नियम घालून घेतला आहे, तो वाचकांनीही घ्यावा अशी विनंती आहे. नव्या उपचाराची वार्ता आली की ती पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा प्रयोग माणसांवर झाला की प्राण्यांवर? कोणत्या अवयवाच्या, कोणत्या अवस्थेतील रोगावर झाला? आणि तो आज कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या मान्यतेने मिळतो? तिन्हींची उत्तरे संदेशात नसतील तर तो आपल्यापाशीच ठेवावा. आणि उत्तरे मिळाली तरी चालू उपचार डॉक्टरांस विचारल्याविना एक दिवसही मोडू नये. कारण आपण नव्याची वाट पाहत बसलो तरी गाठ वाट पाहत नाही.

ह्याचा अर्थ नव्या शोधांचे कौतुक करू नये असा नव्हे. मेचनिकॉफच्या काट्यापासून पाठंगुळीच्या पिशवीपर्यंत सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली. आमच्या नातीच्या हयातीत ती पिशवी एखाद्या रोगिणीच्या कामी येईलही. माटुंग्यास शिकलेल्या माणसाने त्यात हात घातला ह्याचा अभिमान आम्हांस आजही आहे. मात्र अभिमान हे औषध नव्हे.

आमचा दुसरा संदेशही आम्ही त्याच मंडळाकडे पाठविला : 'मागील संदेश अर्धवट होता, तो प्रयोग उंदरांवरचा आहे, कोणीही उपचार थांबवू नये.' पहिल्या संदेशास पुष्कळांनी अंगठा व फुले पाठविली होती. दुसऱ्यास तिघांनी उत्तर दिले. त्यांतील एक उत्तर त्या घरातून होते; तिने स्वतः लिहिले होते : 'सर, पुढची तारीख सोमवारची आहे.'